बर्फाच्या दाराला गोधडी

बिल्किस मुलाणी देहूरोडला राहते. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर आहे आणि पुढच्या खोलीतली अर्धी जागा शिलाई मशीननं अडवलेली आहे. मशीन साधं नाही. ताडपत्री आणि तंबूचं कापड शिवायचं, जाड सुईचं. ते चालू झालं की मांडणीवरची भांडी बोलायला लागतात. तिचे वडील लष्कराला माल पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे तंबू शिवायचे. गल्लीतल्या मुली ब्लाउजचं कटिंग शिकत होत्या तेव्हा बिल्किस वडिलांशेजारी बसून कनातीला कड्या बसवत होती.

वस्तू फेकून देणं तिला जमत नाही. चादर विरली की तिची उशी होते, उशी विरली की पायपुसणं, आणि पायपुसण्याचं काय करायचं याचा ती विचार करत असते. तिचा नवरा मन्सूर याचं निगडीला ट्रक आणि टेंपोचे रेडिएटर दुरुस्त करायचं गॅरेज आहे. तो म्हणतो, "आमच्या घरात कुठल्याच वस्तूला मरायची परवानगी नाही."

दोन वर्षांपूर्वी ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब चाकणजवळच्या बर्फवाडीत गेलं होतं. बर्फवाडी म्हणजे एक भलंमोठं बंदिस्त गोदाम, आत मशीननं केलेला बर्फ. मुलांना लोळायला मैदान, आणि एका बाजूला स्की करायला पांढरा उतार. पायाला लांब पट्ट्या बांधायच्या आणि घसरत खाली यायचं. बाहेर गाड्यांचे सुटे भाग घेऊन कंटेनर धावतायत, ऊन चाळिशीला टेकलंय, आणि आत माणसांच्या तोंडातून वाफ निघतेय.

आत जाताना प्रत्येकाला कोट, बूट आणि हातमोजे मिळत. पायात घालायला पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे मोजे मिळत, ते बाहेर आल्यावर टाकून द्यायचे. बिल्किसला जो कोट मिळाला त्याची बाही काखेत उसवलेली होती. घरची मंडळी उतारावरून घसरत, पडत, हसत होती आणि ही एका कोपऱ्यात बर्फाच्या ढिगावर बसून पर्समधल्या सुईदोऱ्यानं बाही शिवत होती. बोटं बधिर झाली तरी तिनं टाका अर्धा सोडला नाही.

परत निघताना मन्सूर गाडी काढायला मागच्या बाजूला गेला आणि ती त्याच्यामागून. तिथं कचऱ्याचा ढीग होता. ढिगात वर प्लॅस्टिकचे मोजे, आणि खाली कोट. चांगले कापूस भरलेले, निळे, लाल कोट.

"चला आता, पोरं गाडीत बसली," मन्सूर म्हणाला.

"थांबा जरा," असं म्हणून ती सरळ आत गेली आणि मालकाला भेटायचंय म्हणाली.

मालक म्हणजे रणजीत नेवाळे. तिथल्याच गावचा, चाळिशीतला. वडिलोपार्जित कांद्याची जमीन, त्यावर त्यानं दोन मित्रांना बरोबर घेऊन हे उभं केलेलं. माणूस उत्साही, पण त्या दिवशी गर्दीनं वैतागलेला. बिल्किसनं ढिगातला एक कोट त्याच्या टेबलावर ठेवला.

"हे फेकताय?"

"फाटलाय तो, ताई. गिऱ्हाईक तक्रार करतं."

"फाटला कुठंय? उसवलाय. आणि ही चेन गेलीय, बस. हा कोट अजून तुमच्या मुलाच्या लग्नापर्यंत जाईल."

"माझा मुलगा दुसरीत आहे."

"तेच म्हणतेय मी."

रणजीत हसला. पुढच्या आठवड्यात एक टेंपो देहूरोडच्या गल्लीत शिरला, मागं नुसते कोट. ते शिवून झाले की दुसरे आले. महिन्याभरानं रणजीतनं विचारलं, की रोज येता का, मागची खोली देतो. बिल्किसनं मन्सूरला विचारलं. तो म्हणाला, "जा. निदान घरातली भांडी तरी शांत बसतील."

असं तिचं बर्फवाडीत बस्तान बसलं. मशीन गेलं, ती गेली, आणि तिथं सगळे तिला आपा म्हणायला लागले.

रणजीतच्या आई केसरबाई मात्र तिच्याशी पहिले काही दिवस बोलल्याच नाहीत. त्यांचा राग बिल्किसवर नव्हता, साऱ्या कारखान्यावर होता. नऊवारी नेसलेल्या, सत्तरीच्या पुढच्या केसरबाई रोज दुपारी हॉलच्या बाहेर लिंबाखाली येऊन बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "कांद्याच्या वावरात बरफ पिकिवतोय आमचा पोरगा. उनाळ्यात गावाला टँकर, आन इथं ईज जाळून थंडी करत्यात. शोभतं व्हय?"

रणजीतला ते लागायचं. गावातही लोक हेच बोलत होते. एकदा चहा पिताना तो बिल्किसला म्हणाला, "आई चुकीचं बोलत नाही, आपा. परदेशात स्कीच्या डोंगरांवरसुद्धा आता लोक हाच विचार करतात म्हणे. वितळलेलं पाणी परत वापरायचं, वीज वाचवायची, कचरा कमी करायचा. मी छपरावर सोलर बसवलं, पाण्याची टाकी केली. पण अजून खूप जातं वाया."

"मोज्यांपासून सुरू करू," बिल्किस म्हणाली.

जे कोट खरंच कामातून गेले होते त्यांचं मऊ अस्तर काढून तिनं कापडी मोजे शिवले. जाड, उबदार, धुऊन परत वापरायचे. पहिल्या रविवारी भरलेली टोपली काउंटरवर ठेवली. संध्याकाळी टोपलीत फार थोडे उरले होते. लोकांना मोजे इतके आवडले की ते पायात घालूनच घरी गेले.

बिल्किसनं मग एक पाय पोपटी आणि एक पाय नारिंगी केला. असले मोजे कोण चोरेल, असा तिचा हिशेब. पण त्या आठवड्यात ताथवड्याच्या कॉलेजची पोरं आली, त्यांनी पाय वर करून फोटो काढले, आणि उरलेले मोजेही गेले. रणजीत डोक्याला हात लावून बसला. बिल्किसला मात्र आतून बरं वाटत होतं, आपलं शिवलेलं कुणी चोरण्याइतकं चांगलं असतं हे तिला नवीनच होतं. शेवटी तिनं मोजे बुटांच्या आतच बसवले. चार चाप लावले, की अस्तर बुटाला चिकटून राहतं; गिऱ्हाईक गेलं की चाप काढायचे, धुवायचे, परत लावायचे. प्लॅस्टिकचे मोजे बंद झाले.

आता धुणं वाढलं. उन्हाळ्यात त्याचं काही वाटलं नाही, पण पावसाळ्यात मावळाकडून ढग आले की दहा-दहा दिवस ऊन नाही. कोट सुकेनात. त्यांना कुबट वास यायला लागला. गिऱ्हाईकं कोट घालताना नाक मुरडायला लागली. रणजीत सुकवायचं मोठं मशीन घ्यायच्या गोष्टी करू लागला. "म्हणजे परत वीजच की," असं म्हणत बिल्किस मागच्या दारानं बाहेर गेली.

तिथं एका रांगेत थंडी करणाऱ्या यंत्रांचे मोठे पंखे होते. आतली उष्णता बाहेर फेकणारे. समोर उभं राहिलं की अंगावर भट्टीची झळ यावी तशी गरम हवा. बिल्किस थबकली. एवढी कोरडी गरम हवा, आणि ती नुसती चिंचेच्या झाडावर जातेय!

तिनं कुणाला विचारलं नाही. शनिवारी संध्याकाळी काही कोट पंख्यांसमोर धरून पाहिले, भराभर सुकले. रविवारी सकाळी तिनं तीस-चाळीस ओले कोट आणले आणि सरळ पंख्यांच्या जाळीलाच आकड्यांनी अडकवून टाकले. छान झाकून गेली सगळी रांग. मग ती आत येऊन चेन लावत बसली.

आत चिंचवडच्या एका शाळेची सहल आली होती. तासाभरात आरडाओरडा ऐकू आला. उताराचा बर्फ मऊ पडला होता, मग त्याची खिचडी झाली. मुलं पट्ट्यांवरून घसरायच्या ऐवजी गुडघाभर रबडीत बसत होती. बाई ओरडत होत्या, मुलं खूश होती. यंत्रं सांभाळणारा धनेश पेडणेकर पायऱ्या उतरून धावत मागं गेला. हा कोकणातला, हर्णैचा, शांत स्वभावाचा पोरगेला इंजिनिअर. त्याला कुणी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

"हे कुणी केलं?"

बिल्किस बाहेर आली. धनेश दोन्ही हातांनी कोट ओढून काढत होता.

"सुकायला घातलेत मी," ती म्हणाली.

"आपा, यंत्राला श्वास घ्यायला जागा नाही ठेवलीत! आतली गरमी बाहेर पडली नाही, मशीन बंद पडलं. अहो, तुम्ही मशीनलाच कोट घातलात!"

मागं जमलेली माणसं हसली. धनेशलाही हसू आलं, पण बिल्किसचा चेहरा पडला. सहलीला परत यायचं आमंत्रण देऊन रणजीतनं शाळेची समजूत काढली. तो बिल्किसला एक शब्द बोलला नाही, आणि तेच तिला जास्त टोचलं. संध्याकाळी ती घरी गेली ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

मन्सूरनं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "काय झालं ते तरी सांगशील?"

तिनं सांगितलं. ऐकून तो हसायला लागला, आणि तिनं ताट सरकवल्यावर थांबला. "अगं, रेडिएटरसमोर पोतं टांगून ट्रक खंडाळ्याच्या घाटात चढव बघू. उकळणारच. हवा मोकळी सोडायची असते. ती पुढं गेली की मग तिचं काय करायचं ते कर."

"मग आधी सांगायचं होतं."

"तू विचारलंस कधी? माझ्या गॅरेजमध्ये तू फक्त डबा द्यायला येतेस."

बिल्किसला पटलं. पण परत जायचं म्हणजे तोंड दाखवायचं. ती तशीच बसून राहिली असती, पण त्या दुपारी धनेशच गल्लीत येऊन उभा राहिला. हातात पिशवी, पिशवीत सुके बोंबील. "आईनं पाठवलेत," तो म्हणाला. "आणि आपा, त्या दिवशी ओरडलो ते मनावर घेऊ नका. कल्पना तुमची चुकीची नव्हती. टांगायची पद्धत चुकली."

गॅरेजमधून जेवायला आलेला मन्सूर अजून घरीच होता. मग तिघं बसले. मन्सूरनं जमिनीवर खडूनं पंखा काढला. हवा अडू नये म्हणून किती लांब सरकायचं यावर त्याचं आणि धनेशचं जमेना. मध्येच धनेशचं लक्ष बोंबलांच्या पिशवीकडे गेलं.

"आमच्याकडे बंदरावर बोंबील कसे वाळवतात माहितीये? बांबूच्या रांगांवर. वाऱ्याला आडवं काहीच नाही. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंनी वारा जातो. कोट पण तसेच टांगू. वाऱ्याला नुसती कड दिसली पाहिजे."

"म्हणजे कपाटात टांगतात तसे," बिल्किस म्हणाली. "मी पडद्यासारखे टांगले."

मावळातल्या एका गुलाबवाल्यानं मोडलेल्या पॉलीहाउसचे पाइप दिले. मन्सूरनं दोन गुरुवार, म्हणजे कारखान्यांची सुट्टी असते तेव्हा, येऊन ते जोडले. यंत्रांपासून पुरेसं लांब, वर पत्रा, आणि खाली कोटांच्या रांगा, कडेवर कड. धनेश पहिला सबंध दिवस यंत्राच्या काट्याकडे बघत उभा होता. काटा जागचा हलला नाही. संध्याकाळपर्यंत कोट कोरडे ठणठणीत. बाहेर पाऊस कोसळत होता. रणजीतनं एका कोटात नाक खुपसून मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "नवीन मशीन नको आता."

यानंतर बिल्किस धनेशला विचारल्याशिवाय खिळाही ठोकत नसे. आणि तोही तिला यंत्राजवळ बोलावून दाखवू लागला, कुठं काय वाया जातं. एकदा त्यानं तिला हॉलच्या मुख्य दाराशी उभं केलं. "पाय बघा."

दार उघडलं की पायावरून थंडगार हवेचा लोट बाहेर पळत होता. गर्दीच्या दिवशी दार मिटतच नसे. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा होता, पण तो कडक होऊन चिरला होता.

"सगळ्यात जास्त वीज इथून जाते," धनेश म्हणाला.

बिल्किसनं दाराची उंची डोळ्यांनी मापली. तिला वडिलांचे तंबू आठवले. बर्फाळ सीमेवर जाणाऱ्या तंबूंना दोन दारं असत, एक उघडायच्या आधी दुसरं मिटायचं. तिनं ठरवलं, दोन जाड पडदे करायचे, मध्ये माणसं उभी राहतील एवढी जागा सोडून. कापूस होता; मेलेल्या कोटांचा ढीगच होता. पण एवढ्या जाड कापडात कापसाला जागच्या जागी धरून ठेवायचं कसं? मशीनखाली ते जाईना. कापूस खाली घसरून तळाशी गोळा होई.

ती लिंबाखाली बसून उसवत होती, परत शिवत होती. बाकड्यावर केसरबाई. त्यांनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"अशानं न्हाई व्हायचं. गोधडीला कडंनं धागा घालत्यात, मग आत आत यायचं. चौकटीत चौकट. तू कापसाला कोंडलंच न्हाईस, मग त्यो पळणारच."

"तुम्हाला येतं?"

"मला येतं म्हंजे? या गावात माज्या गोधडीवर पाच बाळतपणं झाल्यात." त्यांनी हात पुढं केला. "दे हिकडं सुई. न्हाई, ही नगं, मोठी दे."

त्या सुईबरोबर केसरबाईंचं बोलणं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या अंबुबाईंना घेऊन आल्या, त्यांच्यामागून आणखी दोघी. लिंबाखाली कोटांचे तुकडे पसरले, निळे, लाल, करडे, आणि चौघी चारी बाजूंनी बसल्या. मध्ये बिल्किस. तिनं वर कनातीच्या कड्या बसवल्या, खाली वजनाला दुचाकीच्या जुन्या साखळ्या शिवल्या. त्या मन्सूरनं शोधून आणल्या. गप्पा इतक्या रंगल्या की तिकिटाच्या रांगेतली माणसं रांग सोडून बघायला यायची. एका बाईनं तर विचारलं, "ही गोधडी विकायची आहे का?"

"दाराची हाय ती," केसरबाई म्हणाल्या. "दाराला थंडी वाजतीय."

पडदे लागले तेव्हा धनेशनं परत बिल्किसला दाराशी उभं केलं. पायांना काही लागलं नाही. त्या महिन्यात यंत्रं मधूनमधून विश्रांती घ्यायला लागली, हे त्यानं स्वतः जाऊन केसरबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तरी बी उनाळ्यात हे बंदच ठेवाया पायजे." रणजीतनं हसण्यावारी नेलं नाही. पुढच्या मे महिन्यात, ऐन टँकरच्या दिवसांत, त्यानं स्कीचा उतार खरंच बंद ठेवला, फक्त मुलांचं मैदान चालू. त्याच्या मित्रांना ते आवडलं नाही, घासाघीस झाली. गावात मात्र बोलणं बदललं.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला, तिकडं बर्फ पडायच्या आधी, उतारावर शिकवायला उत्तराखंडातून एक माणूस आला होता, दीवानसिंग नावाचा. खऱ्या डोंगरावर वाढलेला, चाळीस वर्षं स्की करणारा. तो पहिल्या दिवशी दाराच्या गोधडीपाशी थांबला, हात फिरवला, मग बुटांची अस्तरं उलटी करून पाहिली. शिवणाऱ्या बाईला भेटायचंय म्हणाला. बिल्किसनं चहा दिला.

"आमच्याकडेही हेच हवंय," तो हिंदीत म्हणाला. "पर्यटक येतात, कपडे फाटतात, दरीत टाकतात. बर्फ वितळला की सगळा डोंगर चिंध्यांनी भरलेला दिसतो."

"तुमच्याकडे तर बर्फ फुकट आहे," ती म्हणाली.

"होता. आता कमी पडतो. काही वर्षी आम्हीही मशीननं करतो."

बिल्किसला ते खरं वाटेना. तिनं शेजारी बसलेल्या धनेशकडे पाहिलं, त्यानं हो म्हणून मान हलवली. घरी जाऊन तिनं ते मन्सूरला सांगितलं.

दीवानसिंग गेला आणि महिन्याभरानं रेल्वे पार्सलनं त्याच्याकडून दोन गोणी आल्या. फाटक्या विजारी, कोट, हातमोजे. उघडल्या तर शिवणखोलीभर ओल्या लोकरीचा आणि लाकडाच्या धुराचा वास पसरला. खिशांतून देवदाराच्या काटक्या निघाल्या, एक शिट्टी निघाली. अंबुबाईंनी ती वाजवून पाहिली. तिचा आवाज एवढा मोठा की रणजीत काय झालं म्हणून धावत आला. बिल्किसनं सगळं शिवून परत पाठवलं. मग त्याचा फोन आला, की तिकडच्या बायकांना शिकवायला याल का, आठ-दहा दिवस.

आता पुढच्या महिन्यात निघायचं आहे. मन्सूर पहिल्यांदाच गॅरेज इतके दिवस बंद ठेवणार आहे. तिकडच्या गाड्यांचे रेडिएटर गोठतात का ते बघायचंय, असं तो कारण सांगतो. लेक आरफा लोकरीच्या टोप्या धुंडाळतेय. केसरबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी स्वतःच जाहीर केलं, "म्या बी येनार. डोंगरावरचा बरफ बघितल्याबिगर मरनार न्हाई," आणि रणजीतनं मुकाट्यानं त्यांचंही तिकीट काढलं.

वाटेत खायला त्यांनी ठेचा कुटला आहे. बिल्किस म्हणते, तेवढ्या थंडीत तो दगड होईल. केसरबाई म्हणतात, मिरची कधी गोठत नाही. दोघींची पैज लागली आहे, आणि निकालासाठी धनेशनं ठेच्याची एक बरणी हॉलच्या कोपऱ्यात बर्फात पुरून ठेवली आहे.